बोर्लीची मागणी

माझ्या मामांच्या दुकानातून खिळे घ्यायचे तर आधी हॉलंडला जाऊन यावं लागतं.

बोर्ली पंचतनला वसंतमामांचं हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाईकानं पाव किलो खिळे मागितले की मामा काट्यावर दोन मुठी टाकतात आणि थांबतात. "समजलास काय, हॉलंडात फुलाच्या एका कांद्यापायी माणसं घर विकायला निघालेली." हे सांगताना ते गल्ल्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारतात. त्यांना खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. खुर्चीवर दोरीची गुंडाळी बसते. मी एकदा बिजागऱ्या आणायला गेलो आणि चहाच्या पिशवीचा इतिहास घेऊन आलो. कुणा व्यापाऱ्यानं नमुन्याचा चहा रेशमी थैल्यांतून पाठवला, लोकांनी थैलीच गरम पाण्यात बुडवली. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि बिजागऱ्या कुठायत, एवढंच विचारलं.

मामांची एक गोष्ट मात्र फळाला आली. अमेरिकेत एकजण पाव फुगवायच्या पावडरीवर चघळायचा गोंद फुकट द्यायचा. लोक गोंदच मागू लागले, तेव्हा त्यानं पावडर सोडून दिली. हे कळल्यावर मामांनी किलोभर खिळ्यांवर मामींच्या हातची एक नारळाची वडी ठेवली. दोन महिन्यांत दिघीचे होडीवाले खिळ्यांचं नाव काढीनात, नुसत्या वड्या मागू लागले. मामींचा धंदा उभा राहिला. पुढे नातू झाला म्हणून मामी मुलाकडे पनवेलला गेल्या, तिथे वड्यांना गिऱ्हाईक आणखी वाढलं, आणि मामी तिथल्याच झाल्या. मामा इथे, खिळ्यांपाशी.

गेल्या महिन्यात मामेभाऊ नितीनचा फोन आला. बाबा फोनवर कळवतात त्या बोर्लीच्या ऑर्डरी द्यायला आई दर पंधरा दिवसांनी एसटीनं जाते आणि कंबर धरून परत येते, म्हणून त्या ऑर्डरी तो बंद करणार होता. मी जाऊन बाबांना दुकान आवरून पनवेलला यायला पटवायचं. माझ्या घरात मांजरही माझं ऐकत नाही, हे त्याला ठाऊक नसावं.

मी गेलो. मामांनी ऐकून घेतलं. फेऱ्या वाढल्या. पनवेलला मागे राहून पाहिलं होतं, म्हणाले. फेऱ्या मारल्या की खालच्या मजल्यावरचे तक्रार घेऊन वर येत, आणि आले तरी गोष्ट ऐकायला थांबत नसत. तिसऱ्या दिवशी मामा बोर्लीला परत.

"मला न्यायचं तेव्हा न्या," ते म्हणाले, "पण बोर्लीची मागणी बंद करायची न्हाय."

एवढं गिऱ्हाईक कोण, असं मी विचारलं. मामा रंगाचे डबे पुसू लागले.

पाणी प्यायला मागच्या खोलीत गेलो, तर फळीवर वड्यांचे डबे पत्र्यापर्यंत रचलेले. न उघडलेले. खालच्या डब्यांना खवट वास सुटला होता. प्रत्येकावर मामींच्या अक्षरात नाव: पाटीलवहिनी, शेजारचा शिंपी, घरतगुरुजी. गुरुजींना जाऊन तीन वर्षं झाली. ते गेले त्या दिवशी त्यांच्या घरी पिठलंभात मामीच घेऊन गेल्या होत्या. तरी डब्यावर नाव ठसठशीत लिहिलेलं, 'गुरुजी' शब्दाखाली रेघसुद्धा ओढलेली.

मामा दारात येऊन उभे होते. पहिल्यांदाच, एका जागी.

"ऐनवेळी नावं सुचत न्हाईत रे," ते म्हणाले. मग डब्यांकडे बघत, "चौलला अरबी घोडे घेऊन गलबतं यायची, ती काय देवदर्शनाला? गिऱ्हाईक होतं म्हणून यायची. गिऱ्हाईक सरलं, गलबतं यायची थांबली."

नितीनला काय सांगायचं, ते माझं मलाच कळेना.

"शनिवारी यायची हाय तुझी मामी," मामा माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुझ्या नावावर चार डबे सांगू?"

मला मधुमेह आहे.

"सहा सांगा," मी म्हणालो.