प्रभावित मतदाराचा अर्ज

कांजूरमार्ग पूर्वेच्या स्नेहसागर सहकारी गृहनिर्माण संस्थेची निवडणूक दर पाच वर्षांनी होते आणि साधारण तेरा मिनिटांत आटोपते. सभेत अध्यक्षपदासाठी नावं मागवली जातात, सगळे सभासद आपापल्या चपलांकडे बघू लागतात, आणि ज्याची मान सर्वांत उशिरा खाली जाते तो बिनविरोध निवडून येतो. या पद्धतीबद्दल आजवर कुणाची तक्रार नव्हती.

यंदा मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या धाकू परबांनी स्वतःहून अर्ज भरला. वय सदुसष्ट. साकीनाक्याच्या एका कारखान्यात पाण्याचे पंप जुळवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. दिवाळीपासून इमारतीत पाचव्या मजल्याच्या वर पाणी चढत नव्हतं. लिफ्टमधून पाणी नेण्यास संस्थेची मनाई असल्यामुळे सातव्या मजल्यावरच्या शांताबाई गायकवाड गुडघ्याला पट्टा बांधून जिन्याने कळशी नेत. धाकूंना ते बघवेना. त्यांनी सूचना फलकावर वहीचं एक पान लावलं: ‘पंप जुना झाला आहे. बदलू. टाकी साफ करू. – धाकू परब.’ हा त्यांचा जाहीरनामा आणि हाच त्यांचा प्रचार.

दोन दिवसांनी सहाव्या मजल्यावरच्या नितेश सुर्वेनेही अर्ज भरला. नितेश अंधेरीच्या एका जाहिरात कंपनीत होता. स्वभावाने मुलगा चांगला. त्याने धाकूंना जिन्यातच गाठलं.

“काका, तुमच्याबद्दल रिस्पेक्ट आहे. पण पंप कोण बघतं यार? लोकांना फील हवा ना.”

“अरे, तुझ्या घरी पण पाणी नाही.”

“तेच तर! ते दुःख मी दाखवणार.”

त्याने चाळीस सेकंदांची फिल्म काढली. आपल्या इमारतीत चित्रीकरणायोग्य पाणी नसल्यामुळे ती शेजारच्या इमारतीत काढावी लागली. फिल्ममध्ये एक पितळी नळ होता. आधी एक थेंब पडला, मग सावकाश, मोत्यासारखी धार सुटली. पांढऱ्या कुडत्यातला नितेश गच्चीवरून क्षितिजाकडे पाहत होता. त्या दिशेला कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड आहे, पण त्याच्या चेहऱ्यावरून समुद्र वाटत होता. शेवटी भारदस्त आवाजात तीन शब्द आले: “पाणी नव्हे. प्रवाह.” पंपाचा उल्लेख नव्हता. शांताबाईंनी रिकाम्या पिंपाशेजारी बसून ही फिल्म अकरा वेळा पाहिली आणि दर वेळी पदराने डोळे टिपले.

फिल्म कॅनडात पोहोचली. पहिल्या मजल्यावरच्या शुभाताई राण्यांची मुलगी गंधाली टोरांटोला असते. तिने परदेशातल्या एकोणीस मुलांचा ‘स्नेहसागर ग्लोबल परिवार’ असा गट काढला आणि प्रत्येकाने आपल्या आईवडिलांना रोज दोन संदेश पाठवायचे असं ठरलं. यांपैकी कुणालाही मताचा अधिकार नव्हता, पण आईबाबांचे फोन त्यांनीच घेऊन दिलेले होते.

गंधालीच्या सांगण्यावरून शुभाताईंनी धाकूंना विचारलं, “परबकाका, तुमचं व्हिजन काय?”

“डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे,” धाकू प्रामाणिकपणे म्हणाले. “उजवा बरा आहे.”

दुसऱ्या मजल्यावरची सपना मोबाइलवरून ‘स्नेहसागर लाइव्ह’ नावाची वृत्तवाहिनी चालवत असे. तिने अर्ध्या तासात बातमी दिली: ‘व्हिजन अंधुक असल्याची उमेदवाराची कबुली.’ संध्याकाळी गेटजवळ चर्चासत्र झालं. विषय होता, ‘पंप बदलण्याची घाई नेमकी कुणाला?’ धाकूंना बाजू मांडायला वीस सेकंद मिळाले. त्यांनी नव्या पंपाचं माहितीपत्रक दाखवलं. त्यावर बारीक अक्षरात ‘इटालियन तंत्रज्ञान’ असं छापलेलं होतं. सपनाने ते मोठं करून दाखवलं आणि आवाज चढवला.

त्यानंतर सगळ्यांच्या फोनवर एक संदेश फिरला: ‘आपल्या टाकीत परदेशी हात? जागे व्हा! स्नेहसागरमध्ये परकीय हस्तक्षेप खपवून घेतला जाणार नाही.’ हा संदेश टोरांटोहून आला होता.

“तुमका मी सांगलेलंय,” विमलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, “नाटकातलो कुडतो घाला आणि जरा वर बघान फोटो काढा.”

“पंप खाली असतो गे,” धाकू म्हणाले.

मतदान गुप्त पद्धतीने, शांततेत झालं. चौऱ्याऐंशीपैकी एकोणऐंशी सभासदांनी मत दिलं. नितेशला त्र्याहत्तर, धाकूंना सहा. सातव्या मजल्याची सगळी मतं नितेशला गेली. शांताबाई मत देऊन थेट कळशी घेऊनच वर गेल्या.

नव्या अध्यक्षांच्या पहिल्या निर्णयानुसार लिफ्टमध्ये एक पडदा बसवण्यात आला आणि त्यावर ती धार अखंड वाहू लागली. नळाला अर्थातच काही आलं नाही. महिनाभर वाट पाहून एका रविवारी सकाळी धाकू पाना घेऊन स्वतः खालच्या टाकीत उतरले. पंपाखालच्या झडपेत अडकलेला कचरा काढला, झिजलेली चकती बदलली. म्हाताऱ्या पंपाने दोन उचक्या दिल्या आणि दुपारी बाराच्या सुमारास सातव्या मजल्यावर पाणी आलं. धाकू भिजलेल्या कपड्यांनी जिना चढत असताना त्यांचा फोन वाजला. शांताबाईंचा संदेश होता, सर्वांसाठी: ‘प्रवाह आला! धन्यवाद नितेशसर.’ खाली टोरांटोहून सोळा टाळ्या होत्या.

तेव्हा धाकूंचं डोकं फिरलं. “हा पंप पावसाळा काढणार नाही,” ते विमलाबाईंना म्हणाले, “आणि लोक फिल्मचे आभार मानतायत!” दुसऱ्या दिवशी ते निवडणुकीविरुद्ध तक्रार घेऊन संबंधित कार्यालयात गेले.

तिथल्या सुबोध नावाच्या लिपिकाने तक्रार आदराने वाचली. “जाहिरात, वृत्तवाहिनी आणि परकीय शक्ती यांचा मतदारांवर अनुचित प्रभाव. बरोबर? मग सोपं आहे. नमुना ‘प्र’ भरा.” त्याने पंचवीस कोरे अर्ज पुढे सरकवले. त्यांवर छापलेलं होतं: ‘मी खाली सही करणार लिहून देतो/देते की, मी जाहिरातीस भुलून मत दिले.’

“ज्याच्यावर प्रभाव पडला त्यानेच सही करायची,” सुबोध म्हणाला. “इतकेच पुरे आहेत. पंचवीस जण कबूल झाले की फेरनिवडणूक.”

धाकूंना हायसं वाटलं. त्र्याहत्तरांतून पंचवीस म्हणजे काहीच नाही. त्यांनी तळमजल्यापासून दारं ठोठावायला सुरुवात केली.

“मी आणि भुलले?” शुभाताई दुखावल्या. “मी पूर्ण विचार करून दिलं हो मत. गंधालीशीही बोलले. पण समोरचे भुलले हां, त्यांना विचारा.”

समोरच्यांनी शुभाताईंकडे बोट दाखवलं. दुसऱ्या मजल्याने पहिल्याकडे, चौथ्याने पाचव्याकडे. सपना म्हणाली, “काका, लोक भयंकर आहेत, काहीही बघतात.” नितेशने तर चहा दिला आणि समजावलं, “काका, जाहिरातीला कोण फसतं आजकाल? मी स्वतः बनवतो ना, मला माहितीय.” मग बोलता बोलता त्याने नव्या टूथपेस्टने दात किती पांढरे होतात ते सांगितलं.

शांताबाईंनी धाकूंना खुर्ची दिली, आणि नळ उघडून गार पाणीही दिलं.

“भाऊ, मी आयुष्यात कुणाच्या बोलण्याला भुलले नाही,” त्या म्हणाल्या. “त्या पोराच्या डोळ्यांत मला खरेपणा दिसला, म्हणून मत दिलं. बाकीची माणसं मात्र येडी आहेत बघा.”

चार दिवसांत धाकूंनी सगळी दारं पालथी घातली. इतरांविरुद्ध सही करायला एकूण एक सभासद तयार होता. स्वतःच्या नावाने एकही नाही. पाचव्या दिवशी जेवणं झाल्यावर ते अर्ज घेऊन बसले, बराच वेळ बसले, आणि मग त्यांनी एका अर्जावर सही केली.

विमलाबाईंनी खांद्यावरून डोकावून पाहिलं. “ह्यां काय? म्हणजे तुमी सोताक मत देऊक नाय?”

धाकू खाली बघत राहिले. “काय सांगू तुला. हातात मतपत्रिका आली आणि ती धार आठवली. तीस वर्षांत असा दाब मी कुठल्या पंपाला दिला नाही गे. वाटलं, ज्याच्या नळाला असं पाणी आहे, तोच निवडून यावा. फिल्म आहे हे मला ठाऊक होतं. तरी शिक्का तिकडेच पडला.”

विमलाबाईंनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

पंधरा दिवसांनी कार्यालयाचं उत्तर आलं: ‘एकूण मतदार ७९. प्रभाव पडल्याचे मान्य करणारे १. सबब सदर निवडणूक निकोप ठरते. तथापि उक्त एक मतदार सहज भुलतो असे आढळून आल्याने, संस्थेच्या व्यापक हितास्तव, त्यास यापुढे निवडणूक लढवण्यास अपात्र ठरविण्यात येत आहे.’

उरलेले चोवीस अर्ज धाकूंकडे तसेच आहेत. ही हकीकत ऐकणारा जो तो हसतो आणि अर्ज मागतो. कुणाला मेहुण्यासाठी हवा असतो, कुणाला ऑफिसातल्या एका गाढवासाठी, कुणाला थेट सासऱ्यांसाठी. धाकू शांतपणे विचारतात, “तुमच्यासाठी देऊ का?” आणि माणूस घड्याळाकडे बघतो. तुमच्याही मनात मघापासून एक नाव आहे. ते तुमचं नाही, एवढं धाकूंनी न विचारताच ओळखलं आहे.