शेट्यांच्या मुंग्या

शेट्यांच्या घरी गेलं की ते पहिल्यांदा ‘या’ म्हणत नसत. ‘पाय वर घ्या,’ म्हणत. माणूस दचकून खुर्चीवर मांडी घालून बसला, की मग जमिनीवर वाकून, डोळे बारीक करून, चौफेर नजर फिरवीत. ‘एखादी पोरगी बाहेर पडली असेल तर उगीच चिरडायची,’ असं म्हणत आणि खात्री झाल्यावर मग चहाचं विचारीत.

या पोरी म्हणजे मुंग्या. रंगनाथ शेटे आमचे सख्खे शेजारी. पिंपरीला औषधाचा कारखाना नवा नवा सुरू झाला, तेव्हा आम्ही दोघंही तिथं लागलो आणि कॉलनीत भिंतीला भिंत लागून खोल्या मिळाल्या. मी हापिसात कागद सरकवीत असे. शेट्यांचं काम असं, की भरून आलेली बाटली उजेडासमोर धरायची, आत कचरा, केस, काही तरंगत नाही ना ते बघायचं आणि पुढे द्यायची. दिवसभर हेच. त्यामुळे त्यांना कुठलीही वस्तू उजेडासमोर धरायची खोडच लागली होती. पाण्याचा पेला, खोबरेल तेलाची शिशी, काहीही. एकदा आमच्या हिनं त्यांना ताकाचं भांडं दिलं, तर तेही त्यांनी खिडकीकडे धरून बघितलं. भांडं पितळेचं होतं.

आता सगळ्या जगात दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, त्या मुंग्या वर चढू नयेत म्हणून. शेट्यांकडे एका टेबलाच्या पायांखाली वाट्या होत्या, त्या मुंग्या खाली उतरू नयेत म्हणून. टेबलावर तसबिरीची चौकट उभी. चौकटीला दोन्ही बाजूंनी काचा आणि मधे तसबिरीऐवजी माती, वाळक्या लाकडाचा एक तुकडा आणि भिजवलेला कापूस. त्यात यांचा संसार. वरून तांबडं फडकं टाकलेलं, कारण पोरींना उजेड सोसत नाही. फडकं वर करून शेटे आपल्याला आतल्या वाटा दाखवीत, अंडी दाखवीत आणि आवाज खाली आणून म्हणत, ‘त्या थोरल्या. मुंग्यांची आई. त्यांना फार बघू नका.’ नव्या सुनेकडे बघितल्यासारखा मी अपराधी होऊन नजर वळवीत असे.

मुंग्या पाळायच्या हे वेड म्हणून समजा सोडून देऊ. पण त्यातही शेट्यांना वाटेल ती मुंगी चालत नसे. आमच्याकडे लाल मुंग्यांचा सुळसुळाट होता. मी म्हटलं, हव्या तेवढ्या न्या, डबाही माझाच घ्या. त्यांनी एक बोटावर घेतली, खिडकीकडे धरली आणि हळूच खाली सोडून दिली. ‘ही ती नव्हे,’ म्हणाले.

हे ‘ही ती नव्हे’ आम्ही पुढे फार ऐकलं. सुट्टीच्या दिवशी शेटे सायकल काढून निघत. चिंचवडला नदीच्या घाटावर, चाकणला कांद्याच्या वखारीत, निगडीच्या माळावर, जिथं जातील तिथं दगड उलटून बघत. मुंगळे, डोंगळे, कडकडून चावणाऱ्या, नुसत्या पळणाऱ्या, सगळ्यांना भिंग लावून झालं, की तोच निकाल. मी एकदा विचारलं, ‘अहो, पण ती म्हणजे कोणती?’ तर म्हणाले, ‘काळी. बारकी. चालताना बूड वर उचलून चालते. राग आला की आणखी वर.’ मी म्हटलं, अशा आमच्या हापिसात बऱ्याच आहेत. ते हसले नाहीत.

शेवटी निगडीच्या माळावर बाभळीच्या एका मेलेल्या खोडात त्यांना ती सापडली. त्या दिवशी शेट्यांनी कॉलनीत पेढे वाटले. कशाबद्दल, हे कळल्यावर काहींनी पेढा परत केला.

आमच्या हिला या प्रकाराचा मनस्वी तिटकारा. ‘लग्न झालेला माणूस, घरात बाई नाही, मूल नाही, आणि मुंग्यांची बाळंतपणं करतोय,’ असं ती भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेतानं म्हणे. शेट्यांची बायको खेडला भावाकडे असते, एवढं कॉलनीला माहीत होतं. खेड म्हणजे काही काशी नव्हे. चाकण ओलांडलं की पुढं खेडच. पण शेटे कधी तिकडे गेले नाहीत आणि तिकडून कधी कोणी आलं नाही.

असं चाललं असताना हिवतापाचे लोक आले. त्या वर्षी गावोगाव घरांतून औषध फवारत होते, आता कॉलनीची पाळी होती. खाकी कपड्यांतला एक माणूस आधी पाहणी करायला आला. शेट्यांच्या टेबलाखालच्या वाट्या बघून त्याचा चेहरा उजळला.

‘हे साठलेलं पाणी. यात डास होतात.’

‘मी रोज बदलतो.’

‘मग यात रॉकेल घाला.’

‘रॉकेल?’ शेट्यांनी असं तोंड केलं, की खाकी माणूस एक पाऊल मागे सरकला. ‘रॉकेलचं नाव या घरात काढायचं नाही.’

मला तेव्हा वाटलं, केवढं हे नाटक. माणसानं बिचाऱ्यानं वाटीभर रॉकेल सुचवलं होतं. तो म्हणाला, ‘नका घालू. परवा भिंतींवर औषध बसलं की तुमच्या मुंग्याही जातील आणि डासही. वास कित्येक महिने राहतो.’ आणि शेजारच्या दारावर गेला.

शेटे हबकले. चौकट घेऊन दारोदार फिरायला लागले. पण कॉलनीतल्या सगळ्याच खोल्या फवारल्या जाणार होत्या. शेवटी त्यांनी निघोज्याहून दूध घालायला येणाऱ्या बबनला गाठलं.

‘काही महिने तुमच्या घरी ठेवा, बबनराव.’

‘काय हाय त्यात?’

‘मुंग्या.’

बबननं कॅन खाली ठेवला. ‘मुंग्या व्हय? आवो, आमच्या घरात बिनभाड्याच्या ऱ्हात्यात की! आन् ह्या पावन्या नेल्या तर म्हातारी मलाच उंबऱ्याभाईर काढंल. न्हाई जमायचं, शेटेसाह्येब.’

फवारणीच्या दिवशी कॉलनीचं सामान अंगणात आलं. खाटा, ट्रंका, भांडी, देव, सगळं उन्हात. आतून पंपाचा आवाज आणि उग्र वास. शेट्यांनी बाकी काही बाहेर काढलं नव्हतं. कडुलिंबाखाली आमच्याच खाटेवर, मांडीवर चौकट घेऊन बसले होते. आमची ही चहा घेऊन गेली. कप हातात देताना तिनं एकदम विचारलं, ‘भावोजी, खरं सांगा. काय आहे हो या मुंग्यांत?’

शेट्यांनी चहा उजेडासमोर धरला नाही, त्या अर्थी काहीतरी बिनसलं होतं.

‘आमच्या गावच्या घराच्या उंबऱ्यात असल्याच मुंग्या होत्या,’ ते म्हणाले. ‘आम्हाला मूल होईना. कुणीतरी सांगितलं, मुंग्यांना साखर घाल. बायको रोज घालायची. स्वतः जेवायच्या आधी. साखर नसली तर गुळाची पूड. पुढं दिवस गेले. मुलगी झाली. नीट हातात धरायच्या आधीच पोर गेली.’

आमच्या हिनं पदराला हात पुसला.

‘सुतक फिटल्यावर बघतो तर ही उंबऱ्याशी बसून साखर घालतेय. माझं डोकं फिरलं. म्हटलं, यांना भरवून काय मिळालं तुला? बाटलीभर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. तिच्या देखत. ती ओरडली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ आला, त्याच्याबरोबर गेली. मी नंतर घर विकलं. उंबराही गेला.’

तांबडं फडकं त्यांनी उगीचच नीट केलं. मी आमच्या ट्रंका सावलीत ओढायला लागलो. आमची ही मात्र उभीच होती.

‘खेडला देवघर वेगळं असेल ना हो?’ तिनं विचारलं. ‘देवघरात फवारणीवाल्यांना कुणी शिरू देत नाही. तिथं न्या या.’

‘मी कुठल्या तोंडानं जाऊ, वहिनी?’

‘तोंड नका दाखवू. मुंग्या दाखवा.’ आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘तुम्ही जा यांच्याबरोबर. नाहीतर हे चाकणला उतरून परत येतील.’

एसटीत गर्दी होती. पण शेट्यांच्या हातातली तांबड्या फडक्याखालची चौकट बघून लोक आपोआप सरकले. समोरच्या म्हातारीनं तर हात जोडले, कनवटीचे दोन बत्तासे काढून फडक्यासमोर ठेवले आणि विचारलं, ‘कंचा देव हाय, बाबा?’ शेटे खोटं बोलत नसत. मी घाईघाईनं म्हटलं, ‘कुलदैवत आहे.’ शेट्यांनी बत्तासे खिशात टाकले आणि माझ्या कानाशी म्हणाले, ‘चालतात त्यांना.’

चाकणच्या थांब्यावर ते खरंच उठले. मी त्यांचा कोट धरून खाली बसवलं.

खेडला मेहुण्याचं घर बाजाराच्या मागं होतं. मेहुणा शेतावर गेलेला. दारात शेटेवहिनी आल्या. किरकोळ बांध्याच्या, कपाळावर बारीक कुंकू. शेट्यांना बघून त्यांनी पदर सारखा केला. ‘बसा. पानी आनते,’ म्हणाल्या, पण हलल्या नाहीत. शेटे पुढं झाले. त्यांनी चौकट ओट्यावर टेकवली आणि फडकं काढलं.

बाई खाली बसल्या. उन्हात मुंग्यांची धांदल उडाली होती, सगळ्या बुडं वर करून पळत होत्या. त्या बघत राहिल्या, मग काचेवर एक बोट ठेवून म्हणाल्या, ‘ह्या त्याच की.’

‘त्याच नव्हेत,’ शेटे म्हणाले. ‘त्या कुठून आणू? जात तीच आहे. फार हुडकल्या.’

बाई उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं. शेटे भिंतीकडे बघत होते. तेवढ्यात त्या बाहेर आल्या, मुठीत साखर होती. ‘कुठून घालायची?’ त्यांनी विचारलं. शेट्यांनी कोपऱ्यातलं बूच काढून दाखवलं. त्यांनी चिमूट आत सोडली, फडकं टाकलं, चौकट उचलली आणि देवघरात नेऊन ठेवली. मग पाणी आणलं. परत येताना गाडीत शेटे खिशातले बत्तासे काढून बघत होते. द्यायचे राहून गेले म्हणाले.

त्यानंतर शेटे दर सुट्टीला खेडला जायला लागले. सायकलवरनं हिंडून दगड उलटणं बंद झालं. टेबलाखालच्या वाट्या आमच्याकडे आल्या. कॉलनीत कुणी विचारलंच, तर म्हणायचे, ‘मुंग्यांकडे जाऊन येतो.’ आम्हीही तेवढंच विचारायचो. माणसाला लाज वाटते तिथं आपण कशाला बोट घालायचं?

परवा असेच निघाले होते. मी दारातून म्हटलं, ‘काय शेटे, कशा आहेत मुंग्या?’

‘बऱ्या आहेत,’ ते म्हणाले. ‘जरा खोकला आहे. थंडीत होतो तिला.’

आमची ही आतून अडुळशाच्या काढ्याची बाटली घेऊन आली. ‘मुंग्यांना द्या,’ म्हणाली, ‘सकाळ-संध्याकाळ, मधातनं.’

शेट्यांनी बाटली घेतली, उजेडासमोर धरली, आत कचरा नाही ना ते नीट बघितलं आणि जपून पिशवीत ठेवली.