तळ्याकाठची शांत रांग

“इथे कुणीही ओरडायचं नाही!” गाडीतून उतरता उतरता ती मुलांना ओरडून सांगत होती.

थोरलीने मान डोलावली. ती तिसरीत होती आणि नियमांची तिला भारी हौस होती, विशेषतः ते धाकट्याकडून पाळवून घेण्याची. धाकटा चार वर्षांचा. त्याला आवाज एकच होता. तो कमी-जास्त करायचं बटण बसवायला देव विसरला, असं त्याची आजी म्हणायची.

“ही शांत रांग आहे,” ती आता कुजबुजली. “इथली माणसं शांततेसाठी आलीत. आपली एक जरी तक्रार गेली ना, तर आपला तंबू उचलून मागे रस्त्याकडेला. मग तळं नाही आणि होडीही नाही. कळलं?”

“कळलंऽऽ!” धाकटा म्हणाला. पलीकडच्या काठावरचे दोन बगळे उडाले.

तिने झटकन तोंडावर बोट ठेवलं आणि अपराधी चेहऱ्याने दोन्हीकडे पाहिलं. उजवीकडच्या तंबूबाहेर आरामखुर्चीत बसलेल्या बाई काहीतरी बोलायला तोंड उघडत होत्या, त्यांनी ते मिटलं. डावीकडे भरघोस मिशांचे एक काका तंबूची खुंटी ठोकत होते. त्यांनी हातोडी अलगद गवतावर ठेवली आणि उरलेली खुंटी तळहाताने दाबून दाबून जमिनीत घातली.

‘किती समजूतदार माणसं,’ तिच्या मनात आलं. ‘आणि त्यांच्या शेजारी आम्ही.’

शांत रांगेची कल्पना नवऱ्याची. तिचं काम घरी बसून मुद्रितं तपासण्याचं. कुठेतरी काहीतरी चुकलेलं असणारच, ही तिची धंद्यातून आलेली खात्री होती आणि ती मुलांनाही लागू होती. धाकटा झाल्यापासून तिची झोप सशासारखी झाली होती. वाढदिवसाला काय हवं म्हटलं, की “सलग झोप”. बाहेर जेवायला कुठे जायचं म्हटलं, तरी “झोप”. शेवटी तळ्याकाठच्या या कॅम्पमध्ये शांतताप्रिय लोकांसाठी वेगळी रांग असते, असं नवऱ्याने कुठूनसं ऐकलं आणि त्याने चक्क बायकोसाठी शांतता मागून ठेवली. शांततेबरोबर मुलंही येणार, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

कचेरीत वर्दी देऊन तो परतला तेव्हा जरा गप्पगप्पच होता. शांत रांगेची सवय करतोय बिचारा, असं तिला वाटलं.

“किती शांत आहे रे!” ती हळूच म्हणाली. तळ्यावर दुपारचं ऊन पसरलं होतं आणि पाणी इतकं संथ होतं, की त्यातलं आभाळच खरं वाटावं. “मला वाटलंच नव्हतं, तुला असलं काही सुचेल म्हणून.”

नवऱ्याने काहीतरी बोलायला घेतलं, मग खोकला आल्यासारखं केलं आणि तो तंबूचे बांबू जुळवायला लागला.

आता प्रश्न धाकट्याचा होता. त्याला गप्प बसवायचं म्हणजे उकळत्या दुधावर फुंकर घालत बसायचं. पण यावर थोरलीनेच तोडगा काढला.

“आई, आपण खुणांनी बोलू या. पोटावर हात म्हणजे भूक. कान ओढला की पाणी. एक हात वर म्हणजे शू.”

“आणि खूप जोराची असली तर?” धाकट्याने अनुभवाने विचारलं.

“तर दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवायचे.”

धाकट्याला हे फारच आवडलं. त्याने लगेच पोटावर हात ठेवला, कान ओढला आणि दोन्ही हात हलवले. संध्याकाळपर्यंत ती दोघं तळ्याकाठी अशी हातवारे करत फिरत होती, जणू पाण्याखालची माणसं. तोंडातून चकार शब्द नाही. तिला एकीकडे अभिमान वाटत होता आणि दुसरीकडे त्यांची दया येत होती.

शेजारीही कमालीचे शांत होते. मिशीवाल्या काकांची बायको भांडं घासायची तर तेसुद्धा गवताने, आवाज होऊ न देता. आरामखुर्चीतल्या बाई पुस्तकाचं पान उलटायच्या ते चिमटीत धरून. येता-जाता सगळे नुसते हसायचे आणि मान लववायचे. काका एकदा शिंकले तर टॉवेलात तोंड घालून. धुक्यात चालावं तशी सगळी रांग पावलं न वाजवता हिंडत होती.

रात्री एवढी शांतता होती, तरी ती जागीच.

नवऱ्याला कळेना. “अगं, आता काय झालं? शांत तर आहे.”

“म्हणूनच तर,” ती म्हणाली. “आवाज नाही आला, की मला वाटतं काहीतरी चाललंय.”

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने ठरवलं, आता झोपायचंच. नवरा म्हणाला, “मुलांकडे मी बघतो, तू निवांत पड.” त्याने हवेची हिरवी गादी फुगवून काठाला झाडाखाली टाकली आणि पाय गार पाण्यात राहावेत म्हणून ती जराशी पुढे ओढली. मग आडवं होऊन टोपी तोंडावर घेतली आणि तो मुलांकडे बघायला लागला. टोपीखालून.

ती तंबूत आडवी झाली. कापडातून हिरवट उजेड झिरपत होता. बाहेर वारा नव्हता, पानसुद्धा वाजत नव्हतं. तिने डोळे मिटले. थोरली कुठे असेल? आवाज नाही. धाकटा? आवाज नाही. चार वर्षांचं पोर जागं आहे आणि आवाज नाही, म्हणजे एक तर त्याने तोंडात काहीतरी घातलंय, नाहीतर कशात तरी तोंड घातलंय. तिने कूस बदलली. मिटल्या डोळ्यांनी कानोसा घेतला. काहीच ऐकू येईना, तेव्हा ती उठून बसली आणि तिने तंबूची चेन सरकवली.

बाहेरचं दृश्य स्वप्नात असावं तसं होतं. सगळी रांग पाण्याकडे धावत होती, पण चवड्यांवर. मिशीवाले काका खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन लांब ढांगा टाकत होते. त्यांच्यामागे काकू घोंगडी घेऊन. आरामखुर्चीतल्या बाई दोन्ही हातांत टॉवेल आणि चपला धरून अनवाणी. तळ्याच्या मध्यावरून होडीवाला जीव खाऊन वल्ही मारत येत होता. आणि कुणाच्याही तोंडातून अक्षर नाही.

ती तशीच बाहेर पडली.

थोरली? शंखशिंपले मांडत बसली होती. धाकटा? काठावरच्या मोठ्या दगडावर उभा होता आणि दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवत होता. गुडघे एकमेकांत घट्ट आवळलेले. ती त्या खुणेचा अर्थ जाणत होती. पण तळ्यावरच्या होडीवाल्याला त्याच खुणेचा वेगळा अर्थ शिकवला होता, ‘वाचवा!’ होडी वळलेली पाहून काका उठले, काका उठलेले पाहून काकू आणि काकूंच्या मागे बाकीचे.

मुलं दोन्ही जागेवर होती. तिचा जीव भांड्यात पडणार, तोच तिला झाडाखालची जागा रिकामी दिसली.

हिरवी गादी तळ्यात होती. चांगली आत. संथपणे, कुणाला त्रास न देता ती निघाली होती, आणि तिच्यावर नवरा, छातीवर हात बांधून, टोपी तोंडावर. एक चतुर त्याच्या अंगठ्यावर येऊन बसला होता. माणसांचं सगळं लक्ष दगडावरच्या पोराकडे. बापाकडे कुणी बघतच नव्हतं.

एक क्षण तिला शांत रांग आठवली. तक्रार, तंबू, रस्ता, सगळं आठवलं. आणि मग वर्षभर साठवलेला श्वास घेऊन ती ओरडली,

“अरेऽऽऽ! उऽऽठ! कुठे निघालास!”

तळ्याच्या पलीकडून तिचाच आवाज परत आला, “…निघालास!” नवरा दचकून उठून बसला. हवेच्या गादीवर दचकून उठायचं नसतं. गादी एकीकडे, टोपी दुसरीकडे आणि नवरा पाण्यात. होडीवाल्याने होडी फिरवली, काकांनी दोर फेकला, काकूंनी डोळे मिटले. नवरा वर आला, दोन-चार हात त्याने जिवाच्या आकांताने मारले आणि मग उभा राहिला. पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं.

“आई,” दगडावरून धाकट्याचा खणखणीत आवाज आला, “आता नको. झाली.”

धाकट्याची चड्डी बदलली, दोर गुंडाळला गेला. नवरा काकूंची घोंगडी पांघरून ठिबकत उभा राहिला. सगळी रांग तिच्याकडे बघत होती. तिचे कान लाल झाले. तिने आवाज जितका खाली आणता येईल तितका आणला.

“माफ करा हं. फार मोठ्याने ओरडले मी. तुम्ही सगळे शांततेसाठी आलात… आम्ही आवरतो. मागच्या रांगेत जातो.”

काका आणि काकूंनी एकमेकांकडे पाहिलं.

“बोलू का मग आता मोठ्याने?” काकांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

“म्हणजे?”

“अहो ताई, कालपासून घसा धरलाय माझा कुजबुजून! जन्मभर चौकात उभा राहून शिट्ट्या मारल्या मी, वाहतूक पोलीस होतो. मला जमतं होय हे?”

“पण ही शांत रांग आहे ना?”

“शांत रांग ती,” काकांनी टेकडीवर बोट दाखवलं. वर झाडीत चार-पाच राखाडी तंबू दिसत होते. “ही साधी रांग.”

“मग तुम्ही सगळे गप्प का?”

आरामखुर्चीतल्या बाई टॉवेल घट्ट धरून पुढे आल्या. “तुम्ही आल्या आल्या तोंडावर बोट ठेवलंत! मला वाटलं, तुमच्यातलं कुणी आजारी असेल. मी दातांची डॉक्टर. दिवसभर माणसं माझ्यासमोर तोंड उघडून बसतात आणि एकालाही बोलता येत नाही. सुट्टीत मला गप्पांना माणूस लागतं हो! कालपासून एकच पुस्तक तिसऱ्यांदा वाचतेय, आणि ते मला पहिल्यांदाही आवडलं नव्हतं.”

“मला तर पोरांची काळजी लागली होती,” काकू म्हणाल्या. “नुसते हातवारे. मी ह्यांना म्हटलं, बहुतेक ऐकू येत नाही बिचाऱ्यांना, आपण हळू बोलावं.”

“मी म्हटलं, ऐकू येत नाही तर हळू कशाला?” काका म्हणाले. “तर म्हणते, तसं बरं दिसत नाही!”

ती हळूहळू घोंगडीकडे वळली. घोंगडी आणखी घट्ट झाली.

“भरली होती,” नवरा आतून म्हणाला. “शांत रांग. कचेरीतच कळलं. मी तुला सांगणारच होतो गं. पण मी आलो आणि तू म्हणालीस, ‘किती शांत आहे रे!’ इतकी खूश होतीस. मग म्हटलं, आहेच शांत, तर कशाला उगाच…”

“मी पोरांना दोन दिवस मुकं करून ठेवलं! माझ्यामुळे या काकांनी टॉवेलात शिंका दिल्या!”

“एकच दिली,” काका म्हणाले. “तिच्यानेच कान दुखतोय अजून.”

थोरली हे सगळं बारकाईने ऐकत होती. नियम मोडायचा तर तो नीट रद्द झालेला हवा. “म्हणजे आई, ओरडलं तर चालेल?”

तिने मान डोलावली. बस, तेवढंच पुरलं. धाकट्याने जी आरोळी ठोकली, तिने बगळे पुन्हा उडाले. काकांनी खिशातून माउथ ऑर्गन काढला आणि तो बेसूर असल्याचं काकूंनी लगेच मोठ्याने जाहीर केलं. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला घोंगडीसकट खुर्चीत बसवलं, “आता जरा आ करा बघू,” म्हणाल्या आणि त्याला अक्कलदाढेबद्दल पहिल्यापासून सांगायला घेतलं.

ती तणतणत तंबूत शिरली. नवऱ्यावर मनापासून रागवायचं होतं आणि त्यासाठी जरा आडवं होणं भाग होतं. हिरवट उजेड आता पिवळा झाला होता. रागाला सुरुवात करायची म्हणून तिने डोळे मिटले. बाहेर धप्पकन आवाज झाला, तो धाकटा दगडावरून गवतावर. पाण्यात खळबळ, ती थोरली, पण घोट्यापर्यंतच, कारण काकू तिला दटावत होत्या. “हो का? बापरे,” असं अधूनमधून येत होतं, तो नवरा, जमिनीवर, कोरडा होत असलेला. सगळे जिथल्या तिथे. कुणीच हरवलं नव्हतं. माउथ ऑर्गन त्या सगळ्यातून वाट काढत लांब लांब जात राहिला, मागे मुलांचे आवाज लाटांसारखे येत राहिले, आणि रागाचं पहिलं वाक्य जुळवता जुळवता ती अलगद काठ सोडून निघाली.

ऊन कलायला लागलं तेव्हा काकू तंबूपाशी डोकावून गेल्या. परत आल्या त्या चेहरा मऊ करून.

“ताई झोपल्यात हो,” त्या हळूच म्हणाल्या. “लहान बाळासारख्या. जरा गप्प बसा रे सगळे.”

माउथ ऑर्गन थांबला. अक्कलदाढ अर्ध्यात राहिली. थोरलीने धाकट्याच्या तोंडावर हात दाबला. सगळ्या काठावर शांतता पसरली.

तंबूची चेन करकन खाली आली. विसकटलेल्या केसांनी, घाबऱ्या डोळ्यांनी ती बाहेर आली.

“काय झालं? मुलं कुठायत?”

“आहेत, आहेत, इथेच आहेत!” नवरा घोंगडीसकट उभा राहिला आणि काकांकडे वळला. “काका, वाजवा! बंद करू नका! डॉक्टर, तुम्ही बोला. आणि तू रे, धाकट्या, ओरड!”