दिवा मालवला की फिरणारा पंखा

नॉरिस हेपवर्थने न्हाणीघरातली दोरी ओढली. दिवा लागला आणि नुकताच बसवलेला एक्झॉस्ट फॅन थांबला. त्याने पुन्हा ओढली. दिवा गेला, फॅन सुरू झाला. चार वेळा ओढून पाहिली तरी फॅनचं मत बदललं नाही.

"उलटं झालंय हे," शिडी धरून उभी असलेली त्याची बायको ग्लेनिस म्हणाली.

"उलटं कसलं? आधुनिक आहे. आपण अंघोळ उरकून दिवा मालवायचा, मग तो वाफ बाहेर काढणार. आपल्या कानाला त्रास नको म्हणून."

"असं पत्रकात लिहिलंय?"

"मग काय मी मनानं सांगतोय?"

तो मनानंच सांगत होता. ग्लेनिसचा भाऊ ऑल्विन हल शहरातला नावाजलेला वायरमन. नॉरिसने एकदा ठोकलेली फळी तासाभरात पडली होती. ती हकिगत ऑल्विन दर नाताळात, पुडिंग वाढेपर्यंत, पाहुण्यांना रंगवून सांगे. त्याला बोलावण्यापेक्षा नॉरिसला छतावरची बुरशी परवडली असती.

दिवा बंद म्हणजे फॅन चालू, त्यामुळे तो दिवसभर घोंघावू लागला. त्याला गप्प करायचा एकच मार्ग होता. नॉरिसने दिवा लावला आणि तसाच ठेवला. त्यात तीन दिवस गेले.

समोरच्या घरातल्या मिसेस ऑरमरॉडच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी दार ठोठावलं. ग्लेनिस बाजारात गेली होती आणि नॉरिस टबात कान बुडवून पडला होता. उत्तर येईना. मिसेस ऑरमरॉडकडे झाडांना पाणी घालण्यासाठी दिलेली किल्ली होती, पण एकटीने आत जायचा धीर होईना. त्यांनी ऑल्विनला फोन लावला.

"तीन दिवस झाले, न्हाणीघरातला दिवा तसाच जळतोय! नॉरिस आत गेला तो बाहेरच आला नाही बघ!"

दहा मिनिटांत ऑल्विनने खांद्याने न्हाणीघराची कडी तोडली. कोंडलेली वाफ लोटासारखी जिन्यात आली आणि तिथला आगीचा भोंगा किंचाळू लागला.

"जिवंत आहे!" मिसेस ऑरमरॉड खालच्या पायरीवरून ओरडल्या. "हलतोय तो!"

"दार लावा!" फेसाआडून नॉरिस ओरडला. पण लावायला कडी उरली नव्हती.

ग्लेनिस पिशव्या घेऊन परतली तेव्हा नवरा टॉवेल गुंडाळून उभा होता आणि भाऊ शिडीवर चढून छताला लावलेली दिव्याची वाटी उघडत होता. खाली जाऊन मेन स्विच त्यानेच बंद केला होता. मिसेस ऑरमरॉड टॉर्च धरून उभ्या होत्या. ऑल्विनचा चेहरा खुलला होता. पुढच्या नाताळाची सोय झाली होती.

"नॉरिस, अरे, काय केलंस हे? ही काळी वायर न्यूट्रल, म्हणजे करंट नसलेली, समजून फॅनला जोडलीस?"

"काळी म्हणजे न्यूट्रलच ना?"

"ही बटणावरून परत येते, बाबा. दिवा लागला की हिच्यातही करंट येतो. दोन्हीकडून सारखाच दाब, मग फॅन फिरेल कसा? आणि दिवा बंद असला की करंट बल्बातूनच वाट काढतो, म्हणून फॅन फिरतो."

"मग ती काळी का?"

"असते काळी. पण तिच्यावर लाल टेप गुंडाळायची असते, म्हणजे पुढचा माणूस फसत नाही. टेप न लावता कुठल्या गाढवानं सोडली ही?"

ग्लेनिसने पिशव्या खाली ठेवल्या.

"तूच की रे, ऑल्विन. आम्ही इथे राहायला आलो त्या वर्षी. सगळ्या घराची वायरिंग तूच केलीस. अहेर म्हणून."

मिसेस ऑरमरॉडनी टॉर्चचा झोत वायरवरून हळूच ऑल्विनच्या तोंडावर नेला.

या क्षणासाठी नॉरिसने कितीतरी नाताळ मनात टोमणे घोटवले होते. आता त्यातला एकही आठवेना. त्याने टॉवेल सावरला.

"चहात साखर किती घालू, ऑल्विन?" त्याने विचारलं.

"नको," ऑल्विन वाटीत डोकं खुपसून म्हणाला. "टेप आणतो गाडीतून."