मूसची शिंगे आणि डेल्मरची शिडी

राज्याच्या नव्या ध्वजासाठी डेल्मर क्विस्ट यांनी पाठविलेले एकोणीसच्या एकोणीस आराखडे राज्य ध्वज समितीने साभार परत केले. ते जाड पाकीट ऑक्टोबर महिन्यातील एका मंगळवारी टपालपेटीत येऊन पडले. आराखडे एकोणीस असले तरी त्यांचा विषय एकच होता. कुठे सरोवराच्या काठी, कुठे ताऱ्यांखाली, तर कुठे नुसत्याच निळ्या पार्श्वभूमीवर, प्रत्येक ध्वजावर एक मूस, म्हणजे उत्तरेकडचे ते फाटेदार शिंगांचे अवाढव्य हरीण, उभा होता. आणि तो टॅमरॅक फॉल्स गावच्या, बर्फावर खेळणाऱ्या हॉकी संघाचाच मूस होता, हे कोणाही सुजाण मनुष्याच्या तत्काळ ध्यानी आले असते. समितीच्याही ते आले असावे.

"काय म्हणतायत?" त्यांच्या पत्नी मार्डेल यांनी कॉफी ओतता ओतता विचारले.

"आभार मानलेत."

"म्हणजे नाही."

"सल्लापण दिलाय." डेल्मर यांनी चष्मा सारखा करून वाचले, "'उत्तम चिन्ह दुरूनही ओळखू यावे, आणि लहान मुलाला ते आठवणीने काढता यावे.'"

"बरोबरच आहे त्यांचं. तुझ्या मूसच्या शिंगांना फाटे किती?"

"बावीस."

"मला नाही बाबा काढता येणार. मुलांचं सोडच."

डेल्मर यांनी त्या सल्ल्याचा पूर्वार्ध मनावर कोरून ठेवला. उत्तरार्ध त्यांच्या मनात शिरला नाही, आणि पुढील सर्व प्रसंग त्यातूनच उद्भवला.

डेल्मर हे गावच्या बर्फाच्या रिंगणाचे एकतीस वर्षांपासूनचे रखवालदार होते. बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र चालविणे, दिवे बदलणे, खेळाडूंची खोली पुसणे ही त्यांची कामे. परंतु संघाची अब्रू सांभाळणे हे कामही त्यांनी कोणी न सांगता स्वतःकडे घेतले होते. ती अब्रू संकटात होती. संघाचे जुने चिन्ह गावातील एका न्हाव्याने काढलेले होते, आणि त्याने मूस समोरून कधी पाहिलाच नसावा. शिंगे दोन काट्याचमच्यांसारखी दिसत, कान मात्र भरघोस होते. त्यामुळे आयर्न बे गावचा संघ खेळावयास आला म्हणजे त्यांचे प्रेक्षक सामनाभर गाढवासारखे ओरडत. आयर्न बेकडून लागोपाठ नऊ वर्षे पराभव झाला होता. लोक त्यासाठी बचावफळीला दोष देत. डेल्मर शिंगांना देत.

म्हणून ते क्लबच्या अध्यक्षा ग्लॅडिस स्टोव यांच्याकडे गेले. ग्लॅडिसबाई गावात अंत्यविधीची व्यवस्था पाहत असल्याने त्यांच्यासमोर कोणी आवाज चढवीत नसे.

"खेळाडूंच्या खोलीतल्या फरशीवरच्या मूसचा रंग उडालाय," डेल्मर म्हणाले.

"मग रंग उजळून टाक. नवीन काही करू नकोस."

"शिंगं थोडी नीट करतो. नाही आवडलं तर खरवडून टाकीन."

ग्लॅडिसबाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवले. "शनिवारी आयर्न बेचा सामना आहे. तो झाला की मंडळ बघेल. बहुमत मिळालं तर तोच आपला नवा मूस, शर्टावरपण तोच. नाही मिळालं तर खरवडायचा. आणि तुझ्याच हातानं, डेल्मर."

या खेळातील एक नियम कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नाही, तथापि तो सर्वांत कडक आहे. खेळाडूंच्या खोलीत फरशीवर संघाचे चिन्ह असते आणि त्यावर कोणीही पाऊल ठेवीत नाही. टॅमरॅक फॉल्समध्ये तर या नियमाला पुरावाही होता. चौतीस वर्षांपूर्वी स्टॅन ओल्सटॅड नामक खेळाडूने मूसच्या कानावर चुकून पाय दिला, आणि त्याच संध्याकाळी त्याचा तोच पाय मोडला. स्टॅन अद्यापि लंगडतो व पहिल्या रांगेत बसतो.

हा नियम डेल्मर यांना ठाऊक नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु जो मनुष्य तीन दिवस गुडघ्यांवर बसून, होडीचा पक्का रंग घेऊन, एकेका फाट्याला आकार देत असतो, त्याला भिंत कुठे आहे याचे भान राहत नाही. जुना मूस परातीएवढा होता. नवा मूस दुरून ओळखू यावयाचा होता. उजवे शिंग उजव्या बाकाला जाऊन भिडले, डावे डाव्या बाकाला, वरचे फाटे मागच्या बाकाखाली शिरले आणि हनुवटीची दाढी थेट दाराच्या उंबऱ्याला टेकली. शुक्रवारी सायंकाळी दारात उभे राहून डेल्मर यांनी आपल्या कृतीकडे पाहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

शनिवारी दुपारी एक वाजता संघनायक लॉरेन पेल्की दार उघडून आत पाऊल टाकणार, तोच त्याचा पाय हवेत थांबला. लॉरेन शाळेत गणित शिकवीत असे.

"डेल्मर," तो तसाच एका पायावर उभा राहून म्हणाला, "आत कुठून जायचं?"

डेल्मर यांनी खोलीकडे पाहिले. प्रथमच त्यांनी मूसऐवजी खोली पाहिली.

"बाकावरून," ते हळूच म्हणाले.

बाक तिन्ही भिंतींना लागून होते. परंतु दारापासून जवळच्या बाकाचे टोक दोन हात लांब होते. अठरा प्रौढ गृहस्थांनी बूट काढले, मोज्यांनिशी उंबऱ्यावरून बाकावर उड्या घेतल्या आणि थव्याने बसलेल्या कबुतरांप्रमाणे भिंतीकडेने ते स्थानापन्न झाले. सामानाच्या पिशव्या हातोहात आत गेल्या. एकाचे शिरस्त्राण खाली पडले व घरंगळत मूसच्या डाव्या डोळ्यावर जाऊन थांबले. ते हॉकीच्या चार काठ्या एकमेकींना बांधून काढावे लागले.

"कोणी काढलंय हे?" प्रशिक्षक व्हर्जिल स्टँग यांनी दारातून विचारले.

"मी, कोच."

"सामना संपू दे. खरवडायला मी स्वतः पत्रा घेऊन बसतो."

खरी अडचण अडीच वाजता उघड झाली. आत येताना सर्वजण मोज्यांवर होते. आता त्यांच्या पायांत धारदार स्केट होते, अंगावर मार झेलणाऱ्या गाद्या होत्या. अशा अवस्थेत दोन हातांची उडी मारणे कोणास शक्य नव्हते. बाहेर प्रेक्षक पाय आपटीत होते. आयर्न बेचा संघ बर्फावर चकरा मारीत होता आणि त्यांचे पाठीराखे गाढवासारखे ओरडत होते.

पंच येऊन दाराशी उभा राहिला. "येताय की नाही?"

"येतोच," कोच म्हणाले. "जरा वाट मोकळी होऊ दे."

पंचाने आत डोकावले. "वाट तर मोकळीच आहे. खोलीत कोणीच उभं नाहीये."

"मूस आहे," अठरा जण एकदम म्हणाले.

पंच त्याच जिल्ह्यातला होता. त्याने मान डोलावली. "समजलं. पण उशिराची शिक्षा द्यावीच लागेल. सुरुवातीची दोन मिनिटं एक गडी कमी. आणि दहा मिनिटांत आला नाहीत तर सामना त्यांचा."

"फळी टाका," बचावफळीतील कोणी सुचविले.

"फळी मूसवर, आपण फळीवर. म्हणजे आपण मूसवरच," दुसरा म्हणाला.

"मध्ये फळी असते ना पण."

"स्टॅनच्या पायात बूट होता. तोपण मध्येच होता की."

तेव्हा डेल्मर धावत बाहेर गेले आणि आपल्या गाडीतून ॲल्युमिनियमची शिडी घेऊन आले. तिचे एक टोक बाकावर व दुसरे उंबऱ्यापलीकडे ठेवले असता मधला सर्व भाग अधांतरी राहत होता.

"लॉरेन, हे चालेल?"

संघनायकाने गणित केले. "शिडी मूसला कुठेच टेकत नाहीये. हवेवरून जायला मनाई नाही."

येणेप्रमाणे टॅमरॅक फॉल्सचा संघ चारी हातापायांवर रांगत बाहेर पडू लागला. शेवटी गोलरक्षक बर्टन माकी उरला. तो नळजोडणीचे काम करी. देहाने विशाल होता आणि गोलरक्षकाच्या गाद्या चढविल्यावर तर त्याला केवळ रुंदीच उरे. तो शिडीच्या मध्यावर आला आणि शिडी वाकू लागली.

"श्वास घेऊ नकोस," कोच म्हणाले.

"सकाळी पॅनकेक किती खाल्लेस रे?" बाहेरून कोणी विचारले.

"विचारू नका."

शिडी आणखी वाकली. बर्टनचे नाक मूसच्या नाकापासून एका बोटावर येऊन थांबले. तेथूनच बर्टनचा आवाज आला.

"डेल्मर, डोळे मात्र झकास काढलेत."

"पुढे हो, बर्टन," डेल्मर म्हणाले. परंतु ते वाक्य त्यांनी जपून ठेवले.

दहावे मिनिट संपण्यास काही क्षण शिल्लक असताना बर्टन बर्फावर उतरला. त्यानंतर जे घडले त्याचे वर्णन स्टॅन ओल्सटॅड अजूनही करतो. शिडीवरून रांगताना अठरा जणांच्या अंगात जो संताप साठला होता, तो सर्व आयर्न बेच्या वाट्यास आला. मध्यंतरातही ते खोलीत परतले नाहीत; खोलीबाहेरच्या मार्गिकेत मक्याच्या लाह्यांच्या यंत्राजवळ उभे राहून त्यांनी चर्चच्या बायकांनी भट्टीत भाजून आणलेली बटाट्याची हॉटडिश कागदी ताटल्यांत खाल्ली आणि परत गेले. सामना त्यांनी चार विरुद्ध एक असा जिंकला. अखेरच्या पाच मिनिटांत कोणीही गाढवासारखे ओरडले नाही.

सायंकाळी पाच वाजता मंडळाची बैठक खोलीच्या दारात, म्हणजे उंबऱ्याबाहेर, उभ्यानेच भरली. डेल्मर यांनी खरवडण्याचा पत्रा हातात धरलेला होता.

"तर हा मूस खरवडायचा की ठेवायचा?" ग्लॅडिसबाईंनी विचारले.

"त्याला हात लावाल तर बघा," कोच म्हणाले.

"मी आजचे मोजेपण धुणार नाहीये," लॉरेन म्हणाला. "मूस, शिडी, हॉटडिश, सगळं जसंच्या तसं पाहिजे."

सर्व हात वर गेले. विरोधात एकही मत पडले नाही. डेल्मर यांनी पत्रा भिंतीला टेकवून ठेवला आणि खाकरून विचारले, "पण चित्र म्हणून कसा वाटला?"

"चित्राचं कोण बोलतंय, डेल्मर?" कोच म्हणाले. "जिंकलो ना."

पुढील आठवड्यात शिडीवरून रांगत गेलेला संघ पुन्हा जिंकला, त्यापुढील आठवड्यातही जिंकला. प्रेक्षक खोलीतील मूस पाहू शकत नव्हते, मात्र शिडी त्यांना दिसत होती. दर सामन्यापूर्वी डेल्मर ती खांद्यावर घेऊन मार्गिकेतून जात, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवीत. नाताळपर्यंत प्रेक्षकांच्या हातांत पुठ्ठ्याच्या लहान शिड्या आल्या. बेकरीत शिडीच्या आकाराची बिस्किटे आली. मंडळाच्या पुढील सभेत ग्लॅडिसबाईंनी नव्या शर्टांचा प्रश्न मांडला, तेव्हा मतदानाची फारशी आवश्यकताच उरली नाही.

"शाळेतल्या सगळ्या मुलांच्या वह्यांवर शिडी आहे," त्या म्हणाल्या. "दोन उभ्या रेघा, पाच आडव्या. शर्टावर तीच घेऊ."

"मग माझा मूस? शर्टावरपण तोच, असं म्हणाला होतात," डेल्मर यांनी विचारले.

"तो आहे की जागेवर. त्याला कोण हात लावतंय?"

हे अक्षरशः सत्य होते. खुद्द डेल्मर यांनाही त्याला हात लावता येत नव्हता. खोली पुसताना ते शिडीवर पालथे पडून लांब दांड्याच्या फडक्याने एकेक फाटा पुशीत, आणि धूळ राहिली तर तशीच राहू देत.

फेब्रुवारीत नव्या टोप्या आल्या, त्यांतील पहिली डेल्मर यांना देण्यात आली. ती त्यांनी स्वयंपाकघरातील टेबलावर ठेवली. शेजारी ध्वज समितीचे पत्र होते. मार्डेलबाई दोन्हींकडे पाहून म्हणाल्या, "दुरून ओळखू येतं. मुलांना काढतापण येतं. त्यांनी सांगितलं होतं तस्संच झालं की. आणि शिडी तुझीच."

"शिडी दुकानातली आहे," डेल्मर म्हणाले.

ते कागदावर वाकून काहीतरी काढीत होते. मार्डेलबाईंनी मान पुढे करून पाहिले. शिडीच होती, दोन उभ्या रेघा, पाच आडव्या.

"हे काय? पुढच्या वर्षीच्या टोपीचं?"

"थोडीशी सुधारणा. सगळ्यात वरची पायरी बघ. दोन्ही टोकांना."

मार्डेलबाईंनी चष्मा शोधून आणला. पायरीच्या टोकांशी मुंगीच्या पायांएवढ्या काही रेघा होत्या.

"फाटे किती?"

"बावीस."

"दिसत नाहीत रे, डेल."

"नकोच दिसायला," डेल्मर पेन्सिलीला टोक करीत म्हणाले. "नाक टेकवून बघणाऱ्याला दिसतील."