धाकट्याचा डबा

“मत्सर हा अर्धवट शिकलेल्यांचा रोग आहे,” असं थोरल्यांनी प्रयोगशाळेत जाहीर केलं, आणि भिंतीवरच्या धाकट्याच्या आलेखाची उंची सकाळपासून तिसऱ्यांदा बोटांनी मोजून घेतली.

थोरले आणि धाकटा साडू. घरी बायका सख्ख्या बहिणी, इथे यंत्र एकच. केसाहून बारीक तारांचा उभा पिंजरा ओवायचा आणि त्यात विजेचा अवाढव्य झटका सोडायचा. तारांची वाफ होते, ती रसरसत मधोमध कोसळते आणि पापणी लवायच्या आत क्ष-किरणांचा भडका उडतो. ज्याचा भडका मोठा, त्याचा आलेख भिंतीवर. तिथे कित्येक वर्षं थोरल्यांचा होता. आता धाकट्याचा होता, तोही थोरल्यांच्याच टाचण्यांनी लावलेला.

हेही त्यांनी सोसलं असतं. पण दोघांचे डबे थोरल्यांच्या घरून येत, आणि धाकट्याचं जेवण चकचकीत फॉइलमध्ये गुंडाळलेलं असे.

“मला का नाही फॉइल?” त्यांनी बायकोला विचारलं होतं.

“तुम्ही घरचेच. आणि तो जेवून छान झालं म्हणतो तरी.”

त्या दिवशी पुन्हा धाकट्याचा शॉट होता, म्हणजे झटका सोडायची पाळी त्याची. पहिला मान नेहमी त्यालाच मिळतो, अशी कुरकुर थोरल्यांनी संचालिकाबाईंकडे आठवडाभर लावून धरली होती. बाई ऐकत असतील असं मात्र त्यांना कधी वाटलं नव्हतं. क्ष-किरण टिपणारा डिटेक्टर टेबलावर होता. आसपास कोणी नाही असं पाहून थोरल्यांनी धाकट्याच्या डब्यातलं फॉइल सोडवलं, नाण्याएवढा तुकडा कापला आणि डिटेक्टरच्या कडीखाली, नेहमीच्या पातळ पडद्यामागे, दडवला. असल्या नाजूक किरणांना तेवढा अडसर पुरतो. यंत्राचं वाईट त्यांना चिंतायचं नव्हतं. आलेख जरा बसका यावा, इतकंच.

जेवून परतले तर पंप घरघरत होता. यंत्रातली हवा उपसणं सुरू झालं होतं.

“साडूभाऊ, आजचा मान तुमचा,” धाकटा म्हणाला. “बाईंनीच सांगितलं. तुमचा तयार पिंजरा मी बसवला. एक तार तुटू दिली नाही.”

थोरल्यांनी यंत्राच्या झाकणाला हात लावून पाहिला. “डिटेक्टर एकदा पुसून घेतला असता...”

“पुसूनच बसवलाय.”

आता यंत्र उघडायचं तर कारण सांगावं लागणार होतं. तोवर बाई पाहुण्यांना घेऊन येऊन उभ्याही राहिल्या. थोरल्यांनी बटण दाबलं.

जमीन हादरली. सगळे संगणकाकडे वळले. रेघ आडवी झोपली होती. मधे एकदा कूस बदलल्यासारखी हलली आणि पुन्हा झोपली. “असो,” बाई पाहुण्यांना म्हणाल्या, आणि त्या एका शब्दात थोरल्यांची सगळी नोकरी गुंडाळून झाली.

संध्याकाळी धाकट्याने यंत्र उघडून डिटेक्टरची कडी सोडवली. तुकडा त्याच्या तळहातावर पडला. त्याने तो निरखला, मग हुंगला. दारातून बाईंनी काय निघालं ते विचारलं.

“चूक माझी, बाई. पडदा जास्तीचा राहिला. साडूभाऊंचा शॉट उद्या परत घेऊ.”

बाई गेल्या. एवढा मोठेपणा आपल्याला आधी सुचला नाही, याचाही थोरल्यांना मत्सर वाटला.

धाकट्याने तुकडा खिशात टाकला. “साडूभाऊ, एक विनंती होती.”

“बोल,” थोरले जमिनीकडे पाहत म्हणाले.

“उद्या तेवढा माझा डबा झाकून राहू द्या. आज सगळं वाळून गेलं होतं.”