एका गिरमिटाचा रिपोर्ट

आमच्या बिंदुअण्णांच्या खोलीत वेळ मिनिटांत मोजत नाहीत, गिरमिटात मोजतात.

म्हणजे असं, की विद्यापीठात कुणाला कसलीही यादी हवी असली, नापासांची म्हणा, हॉस्टेलची म्हणा, की जायचं बिंदुअण्णांकडे. ते चष्म्यावरून बघणार, कीबोर्डावर दोन बोटांनी टकटक करणार आणि वैद्यानं नाडी बघून सांगावं तसं सांगणार, "हा एका चहाचा रिपोर्ट." किंवा, "हा गिरमिटाचा आहे. कूड्री, कूड्री." मग तुम्ही खुर्ची ओढून बसायचं. वार्षिक अहवालाची आकडेवारी मागायला गेलात तर आधी विचारतात, "घरी सांगून आलाय ना?"

पूर्ण नाव बिंदुमाधव हेब्बळीकर, संगणक विभागाचे अधीक्षक. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, आमची अब्रू आधीच गच्चीवर वाळत घातलेली आहे. हुबळी आणि धारवाडच्या मधे कुठंतरी आहे, एवढं पुरे. मी तिथं डेप्युटी रजिस्ट्रार. रोज देशपांडे नगरातून बसनं जातो आणि माझी बस पोचेपर्यंत अण्णांचा अर्धा रिपोर्टसुद्धा होत नाही.

ज्या अभाग्यांनी आमचं गिरमिट खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चुरमुरे, कांदा, फुटाण्याची पूड आणि चिंच-गुळाचा गोज्जू. भेळेची लांबची बहीण, पण जास्त शहाणी. अण्णांचं गिरमिट ऑफिसातच तयार होई. ज्या कपाटावर 'बॅकअप' लिहिलं होतं त्यात चुरमुऱ्यांचा डबा. गोज्जू मात्र सर्व्हर रूममध्ये. तिथला एसी असा, की आमचा शिपाई आत जाताना शाल पांघरतो आणि बाहेर आल्यावर केदारनाथ करून आल्यासारखा सगळ्यांच्या पाया पडतो. एकीकडे साठ कॉलेजांचे निकाल, शेजारी स्टीलच्या डब्यात गोज्जू. दोन्ही कधी नासले नाहीत.

कुणी घाई केली की अण्णांचं एकच वाक्य. "तडीरी! मुरू द्या." तडीरी म्हणजे थांबा हो. "रिपोर्ट म्हणजे लोणचं आहे साहेब. बरणीत घातलं आणि लगेच पानात वाढलं, असं कुठं झालंय का?"

गंमत अशी, की लोक मुरायचे. वनस्पतिशास्त्राचे देसाई सर एकदा गरजत आले. हजेरी कमी असलेल्या पोरांची यादी पाहिजे, आजच, आत्ता, एकेकाला परीक्षेला बसू देत नाही! त्यांच्या आवाजानं आवारातल्या वडाची पानं गळली, हे मी स्वतः पाहिलंय. अण्णांनी टकटक केली आणि म्हणाले, "गिरमिटाचा आहे. ऊट आतेनरी?" जेवण झालं का, हा आमच्याकडचा खरा नमस्कार. देसाई बसले. पहिल्या घासाला पोरांना शिव्या, दुसऱ्या घासाला कुलगुरूंना, आणि प्लेट संपता संपता स्वतः कॉलेज बुडवून मॅटिनीला कसे जायचे त्याची गोष्ट. यादी छापून झाली तेव्हा ते निघून गेले होते. कागद टेबलावरच. अण्णांनी त्याची पुडी करून त्यात शेंगदाणे भरले.

असं सुखात चाललं होतं, तोवर रजिस्ट्रार मॅडम नव्या आल्या.

बाई हुशार, चालतात भरभर, बोलतात त्याहून भरभर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक यादी मागवली आणि शिपाई परत येऊन म्हणाला, "मॅडम, गिरमिटाचा आहे." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. संध्याकाळी आदेश निघाला. विद्यापीठासाठी नवीन रिपोर्टिंग टूल निवडायचं. प्रत्येक विभागाच्या टेबलावर बटण, ज्याला जी यादी हवी ती त्यानं आपली आपण काढायची. समितीत मी, परीक्षा विभागाचे एकजण, आणि जुनं सगळं ज्यांच्या डोक्यात आहे ते बिंदुअण्णा.

आता बघा पंचाईत. बटणं आली की अण्णांच्या खोलीकडे कोण फिरकणार? मोडक्या खुर्च्या ठेवायला ती खोली आस्थापना विभागानं मनातल्या मनात घेऊनही टाकली होती. म्हणजे बळीच्या बोकडालाच सुरी पसंत करायला बसवलं होतं.

अण्णांनी सुरी नापसंत करायला सुरुवात केली. मुलगी दाखवायचा कार्यक्रम करतात तसा एकेक कंपनीचा कार्यक्रम झाला.

पहिली कंपनी बेंगळूरची. सेल्समनचा टाय इतका घट्ट, की त्याचं इंग्रजी नाकातून येत होतं. पडद्यावर रंगीत गोल, रंगीत खांब, नकाशे, आणि प्रत्येक गोलावर बोट ठेवलं की आतून आणखी गोल. अण्णा शांतपणे म्हणाले, "छान आहे. पण हा रिपोर्ट आहे की हळदीकुंकवाचं ताट?" शिवाय त्यात कन्नड नावं छापली की अक्षरांचे हातपाय तुटून पडत. तिथंच बोलणी मोडली.

दुसरं टूल म्हणजे बोलणारं. तुम्ही प्रश्न लिहायचा, ते आकडे शोधून उत्तर देणार. कोणत्याही भाषेत विचारा, असं त्या माणसानं छाती काढून सांगितलं. अण्णा पुढं झाले आणि कन्नडमध्ये टाइप केलं, ऊट आतेनरी? यंत्र बराच वेळ विचार करत राहिलं आणि मग पडद्यावर उमटलं, 'नोंद सापडली नाही.'

अण्णा माझ्याकडे वळले. "जेवलास का विचारलं तर नोंद सापडत नाही म्हणतंय. याच्याबरोबर मी संसार करू?"

तिसरी आली सुप्रिया. दाजीबानपेठेतल्या कापडवाल्यांची मुलगी, शिकून हुबळीतच एका छोट्या कंपनीत लागलेली. तिनं टाय घातला नव्हता आणि स्लाइडही आणल्या नव्हत्या. आमच्याच जुन्या डेटाबेसला टूल जोडलं आणि विचारलं, "सांगा, काय काढू?" कन्नड नावं हातपायांसकट आली. कुणाला काय दिसावं आणि काय दिसू नये, तेही ठरवता येत होतं. फी थकलेल्या पोरांची यादी सगळ्या टेबलांवर उघडी पडणार नाही ना, हे अण्णांनी तीनतीनदा विचारलं आणि तिनं तीनतीनदा करून दाखवलं. शेवटी तिनं बटण दाबलं. यादी समोर. माझं जांभई द्यायला उघडलेलं तोंड मिटायच्या आत!

"फार लवकर आली," अण्णा म्हणाले. "मुरली नाही."

"अण्णा, आकडे आहेत ते. कैऱ्या नव्हेत," सुप्रिया म्हणाली.

अण्णा खुश झाले ते मला दिसलं. पण मान हलवत म्हणाले, "बघूया की. तडीरी."

मॅडम थांबणाऱ्या नव्हत्या. जुना प्रोग्राम आणि नवं टूल यांची तुलना सुप्रियानं करून द्यावी, शेवटची बैठक सोमवारी, असं फर्मान निघालं. अण्णांनी सगळे जुने प्रोग्राम तिच्या हवाली केले. केले म्हणजे काय, लेक सासरी पाठवावी तसे केले.

दोन दिवसांनी सुप्रिया माझ्याकडे आली, दार लोटून घेतलं.

"सर, एक विचारू? हा जुना प्रोग्राम मुळीच हळू नाही. यादी तयार होते पापणी लवायच्या आत."

"मग गिरमिट?"

"यादी तयार झाल्यावर एक ओळ आहे. ती मशीनला सांगते, थांब. तेवढं थांबून मग कागद छापायला जातो." ती लॅपटॉप माझ्याकडे फिरवत म्हणाली, "किती थांबायचं ते प्रत्येक यादीला वेगळं. त्यांना नावं पण दिलीत. हे बघा, हे 'चहा'. हे 'गिरमिट'. आणि वार्षिक अहवालाला 'ऊट', सबंध जेवण."

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत आणि माझ्यावर पुष्कळ मारल्या गेल्या आहेत. पण इतकी व्यवस्थित नावं घालून ठेवलेली थाप पहिल्यांदाच बघत होतो.

"कुणाला बोललीस?"

"नाही. त्यांना काही होईल का सर?"

मी तसाच अण्णांच्या खोलीत गेलो. ते कांदा चिरत होते.

"अण्णा, सुप्रियानं प्रोग्राम वाचला."

सुरी थांबली. परत चालू झाली. "वाचला? चांगली पोरगी. बाकीच्यांनी कुणी उघडूनसुद्धा बघितला नाही."

"का हो असं?"

त्यांनी दुसरा कांदा घेतला. मग म्हणाले, "आधी खरंच वेळ लागायचा की. जुनं मशीन, धापा टाकायचं. लोक बसायचे, बोलायचे. मग नवं मशीन आलं. त्याच साली आमची सुधा गेली." सुधाक्का म्हणजे त्यांच्या मिसेस. "तेरा दिवस झाले, कामावर आलो. देसाई आले. बटण दाबलं, यादी झाली. दारातच उभ्यानं कागद घेतला, थँक्यू म्हणाले, गेले. मग दुसरा आला. तोपण दारातनंच. दिवसभर सगळं दारातनंच. संध्याकाळी थर्मास उघडला, चहा होता तसा."

कांद्यानं डोळ्यांत पाणी येतं ही मोठी सोय आहे. आम्हा दोघांनाही उपयोगी पडली.

"कमरीपेठेतल्या घरी कप दोन," ते म्हणाले. "एक विसळतो. दुसरा नुसता पुसून ठेवतो. इथंपण तेच करायचं का? दुसऱ्या दिवशी मशीनला सांगितलं, तडीरी."

 मला बोलायला फार होतं, पण गिरमिट समोर आलं.

सोमवारी बैठक. मॅडम अध्यक्षस्थानी, पंखा गरगरतोय. सुप्रियानं तुलना वाचून दाखवली, वेग सोडून सगळ्याची. मग सरळ तोंडानं म्हणाली, "मॅडम, जुन्या प्रोग्राममध्ये काही खास सोयी असतील तर त्या नव्या टूलमध्येही तशाच ठेवता येतात. अण्णा सांगतील तसं करून देऊ."

मी छताकडे बघितलं.

"कसल्या सोयी?" मॅडमनी विचारलं.

सुप्रिया अण्णांकडे बघत होती. याद्या जरा थांबून माझ्याच खोलीत छापू देत, एवढं बोलले असते तर त्यांची खोली, खुर्च्या, दारातून आत येणारी माणसं, सगळं वाचलं असतं.  परीक्षा विभागवाले घड्याळ बघू लागले.

"सोयी कसल्या मॅडम," अण्णा म्हणाले. "जुना प्रोग्राम, धापा टाकायचा. पोरांची कामं अडतात. हेच टूल घ्या." आणि सही केली. मुरू वगैरे न देता, झटक्यात.

महिन्याभरात बटणं आली. सगळे विभाग हरखले. मीसुद्धा पहिल्या दिवशी नको असलेल्या याद्या काढून काढून प्रिंटरला घाम आणला. मग एका सकाळी मी अण्णांच्या दारावरून गेलो. खोलीत ते एकटेच. समोर कांदा एकच आणि तोही अर्धा चिरून झाकलेला. मी आत गेलो नाही. कामात होतो. निदान तसं दाखवत तरी होतो.

दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या टेबलावरचं बटण बिघडलं.

कसं बिघडलं विचारू नका. अकरा वाजता मी अण्णांच्या दारात उभा राहिलो. "अण्णा, बटण चालत नाही हो."

"कुठलं?"

एवढा विचार मी केला नव्हता. "सगळीच."

आत बघतो तर देसाई सर आधीच खुर्चीत. "माझंही," ते गंभीरपणे म्हणाले, "कालपासून." वसतिगृहाच्या अधीक्षिका माझ्या मागोमाग आल्या. त्यांचा तर म्हणे सबंध कॉम्प्युटरच रुसलेला. आणि थोड्या वेळानं भरभर पावलं वाजली, दारात रजिस्ट्रार मॅडम. त्यांनी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. आम्ही जमिनीकडे बघितलं.

"अण्णा," मॅडम म्हणाल्या, "माझ्या टेबलावर ते... जरा हळू चालतंय. बसू का?"

अण्णांनी आमच्याकडे एकेक करून बघितलं. या माणसानं सबंध विद्यापीठाला इतकी वर्षं मशीन हळू आहे म्हणून पटवलं होतं. त्याला आमची थाप कळायला किती वेळ लागणार? एक घोटसुद्धा नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कूड्री, कूड्री," म्हणाले. "वेळ लागेल. हा गिरमिटाचा आहे."

कपाट उघडून त्यांनी कप मांडले. ऑफिसचे चार, सगळे पांढरे, कान तुटलेले. आम्ही पाचजण. त्यांनी पिशवीत हात घातला आणि निळ्या काठाचा एक कप काढून माझ्यापुढं ठेवला.

"हा आपल्या ऑफिसचा दिसत नाही," मी म्हटलं.

"घरचा आहे," अण्णा चहा ओतत म्हणाले. "तिथं नुसताच पुसत होतो."